बटणाचे डोळे

"पोरी, बटणाच्या डोळ्यांकडं माणसाला लई वेळ बघवतं." वीस वर्षांपूर्वी नामदेवमामा मला म्हणाले होते.

मंडळी, मामांना निरोप द्यायला तुम्ही हातातली कामं टाकून आलात. मामांच्या बाहुल्यांना इतकी वर्षं मी बोलणं लिहून दिलं. आज माझं बोलणं कुणी लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं.

दारुड्या नवऱ्याचा खेळ आठवतो ना? चिंध्यांची बायको, डोळ्यांच्या जागी दोन बटणं. नवरा तिला लाटण्यानं बडवायचा. आपण हसायचो. हसता हसता गप्प व्हायचो. पण उठत नव्हतो.

मला ते पुरेना. म्हटलं, मामा, लोकांना खरं दिसू द्या. लाकडी चेहरा करून घेतला. पापण्या लावल्या. माझेच केस कापून दिले. मामा म्हणाले, "तू म्हणतीस तर करू. पण लोक बसायचे न्हाईत."

येरमाळ्याला खेळ लावला. पहिला फटका बसला आणि पुढच्या एका बाईनं लेकराचे डोळे झाकले. ती उठली. तिच्यामागं बाकीच्या उठल्या. एक आजी जाता जाता म्हणाल्या, "ह्ये बघाया इथं कशाला यावं? घरी हाय की."

मामा मला रागावले नाहीत. तो चेहरा उतरवला, पुन्हा चिंध्यांचा चढवला. बटण शिवून झालं, दातानं दोरा तोडला, आणि मग ते बटणाच्या डोळ्यांचं वाक्य म्हणाले.

परवा दुपारी माझा डोळा लागला. मामा आले. चेहरा चिंध्यांचा, दोन बटणं. दोऱ्या कुठंच नव्हत्या, तरी हात हलवत होते. मी भ्याले नाही. मी बघत राहिले. लई वेळ बघवलं.

हा हार घातलेला फोटो मात्र बघवत नाही. पारूमामी, तुम्हीही त्याच्याकडं पाठ करून बसला आहात.

मामांचे सदरे मामींनी पेटीत ठेवलेत. बाहुलीसाठी मी एक मागितला तर म्हणाल्या, "माझ्या माणसाला कात्री लावायची न्हाय."

मामी, आज सगळ्यांसमोर पुन्हा मागते. त्या निळ्या सदऱ्याची एक बाही द्या. बटणंही त्याचीच घेईन. मामांना शिवू द्या मला.

तुम्ही नाही म्हणणार, ठाऊक आहे. पण लगेच म्हणू नका. आपण सगळे जरा वेळ मुक्यानं उभे राहू. तेवढा वेळ ती बाही माझ्या हातात आहे असं मला वाटू द्या.