खुर्ची न मारल्याबाबत

मी खाली सही करणारी बाई, वय ६३ वर्षे, धंदा शिवणकाम व गरज पडेल तेव्हा कुस्तीच्या खेळात सासूचे काम, राहणार खेळगृहाच्या मागच्या अंगाला कपडेपटाशेजारच्या दोन खोल्या, सोबत सून. खेळातले सगळे लोक मला मावशी म्हणतात. आज सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन, कोणी पढवलेले नसताना, विचारल्यावरून सांगते की,

मी जिवंत आहे. हे आधी लिहून घ्यावे, कारण जबाब घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी मला दारात पाहून खुर्ची मागे सरकवली व "मावशी, तुम्ही तर गेलात ना?" असे विचारले. दोन वर्षांपूर्वी खेळाच्या गोष्टीत मला घोरपड नावाच्या कुस्तीगीर मुलीने दुधातून विष पाजले आणि मी रिंगणाच्या मधोमध मेले. त्या दिवशी हवालदारसाहेबांच्या पत्नी जेवल्या नाहीत, असे ते सांगतात. त्याबद्दल मी त्यांच्याकडे दिलगिरी व्यक्त केली आहे.

आमच्या कुस्तीला एक गोष्ट असते व ती लेखक लिहितो. लेखक हा मालकांचा पगारी माणूस असून त्याचे डोके नेहमी तापलेले असते. माझी सून 'तोफ' या नावाने लढते. गोष्टीत तिची दोन वेळा स्मृती गेली. एकदा तिची जुळी बहीण आली, ती पण तीच होती, फक्त वेणी उलट्या खांद्यावर. एकदा तिचे रिंगणात एका मुखवटेवाल्याशी लग्न लागले आणि मुखवटा काढल्यावर तो पंच निघाला. एवढे सगळे एका बाईच्या वाट्याला येत नाही हे मला कळते, पण लोक दर वेळी रडतात, त्याला मी काय करू?

कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते काय, असे हवालदारसाहेबांनी विचारले. त्याचे उत्तर मालकांकडून घ्यावे. या धंद्यात एकोणतीस वर्षे काढली, त्यावर मी कधी तोंड उघडलेले नाही आणि आजही उघडणार नाही. आमच्यात नियम असा की गोष्ट रस्त्यावरही पाळायची. म्हणून दोन वर्षे मी बाहेर जाताना तोंडाला ओढणी व काळा चष्मा लावत होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चष्मा काढावा लागला तेव्हा तिथल्या नर्सच्या हातून ट्रे पडला. मेलेल्या माणसाला मोतीबिंदू होतो याचा लेखकाने विचार केलेला नव्हता.

सुनेबद्दल विचारले असता सांगते की ती ३७ वर्षांची आहे. खरी कुस्ती ती नवव्या वर्षापासून बापाकडे शिकली. तिला स्वयंपाक येत नाही, ओले कपडे कुठेही टाकते, आणि दार लावताना आपटते. माझा मुलगा सात वर्षांपासून आमच्यात राहत नाही. तो कुठे आहे ते मला माहीत नाही. तो गेला त्या दिवशी सुनेची बॅग भरलेली होती व मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि बॅग परत उघडली. त्यावर आमचे नंतर कधी बोलणे झालेले नाही.

कालच्या खेळाबाबत. चौकाचौकांत जाहिरात लागली होती की घोरपडीशी होणाऱ्या लढतीत तोफ हरली तर तिने कुस्ती कायमची सोडायची, आणि जिंकली तर अजिंक्यपदाचा पट्टा तिचा व पुढचे वर्षभर मुख्य लढत तिचीच. खाली लाल अक्षरांत 'शंभर टक्के खरी लढत, निकाल रिंगणातच' असे छापलेले आहे. जाहिरातीचा एक कागद मी भिंतीवरून काढून आणला असून तो जबाबासोबत जोडला आहे.

लेखकाने मला माझे काम असे सांगितले होते. रिंगणाजवळ एक शवपेटी ठेवायची. लढत ऐन रंगात आली की पेटीतून मी उठायचे. लोक ओरडतील. मग मी जाहीर करायचे की इस्पितळात मुली बदलल्या होत्या आणि घोरपड हीच माझी पोटची पोर आहे. "अरे, तिनेच मला विष पाजलं ना?" असे मी विचारले. लेखक म्हणाला, "मावशी, आईचं काळीज असतं. माफ करायचं." त्यानंतर पत्र्याची घडीची खुर्ची उचलून सुनेच्या पाठीत घालायची, म्हणजे ती पडेल. मी काळजी केली तेव्हा मालक म्हणाले, "मावशी, दोन महिन्यांत ती मुखवटा लावून परत येईल. आजवर आपल्याकडं कोणी गेलंय का कायमचं?" हे खरे वाटले, कारण मी स्वतःच परत येत होते.

दुपारी तीनला मला पेटीत झोपवले. आत गादी होती व बाजूला श्वासासाठी भोके होती. पेटी पडद्यामागे होती. सव्वातीनच्या सुमारास मालक व लेखक येऊन पेटीवर हात टेकून बोलू लागले. मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. पण दोन वर्षे मला मेलेली म्हणता म्हणता त्यांना ती सवय जडली होती. मेलेल्या बाईसमोर कोण आवाज कमी करतो?

मालकांचे शब्द असे होते. "मुखवटा-बिखवटा काही नाही. हिला आज काढली की सुटलो. वय झालं, आणि तोंड चालतं." लेखक म्हणाला, "आणि म्हातारी?" मालक म्हणाले, "म्हातारी राहू दे. तिचं भूत चालेल अजून दोन वर्षं." मग दोघे हसले व लेखकाने पेटीवर टिचकी मारली. ती माझ्या कपाळावर बसल्यासारखी वाटली.

हे सुनेला कळवण्यास वेळ नव्हता. झाकण बाहेरून लावलेले होते व मला चार माणसांनी उचलून रिंगणापाशी नेले. चाळीस मिनिटे मी आत पडून होते. बाहेर सून दोनदा जोरात आपटली गेली, तो आवाज मला ओळखता येतो. तिच्या उजव्या गुडघ्याला मीच पट्टी बांधलेली होती. पेटीत मला काय वाटले, असे विचारले असता, राग आला. एवढेच लिहावे.

ठरलेला बाजा वाजल्यावर झाकण उघडले व मी उठून बसले. चार हजार लोक एकदम उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने चप्पल टाकून पळ काढला. मी रिंगणात चढले. माझ्या हातात माईक आणि खुर्ची देण्यात आली. सून समोर गुडघ्यावर बसलेली होती. पाठीत खुर्ची घेण्यासाठी तिने माझ्याकडे पाठ केली व खांदे सैल सोडले. तिने मला विचारले नाही की लागेल का. तिला माझी भीती नव्हती.

मी खुर्ची उघडली आणि तिच्यावर बसले. खुर्ची त्यासाठीच असते.

मग मी माईकवर जे बोलले ते असे. "मेल्यावर माणसाला सगळं ऐकू येतं. पडद्यामागं मालक आणि लेखक काय बोलले ते मी पेटीत पडल्या पडल्या ऐकलंय. माझ्या सुनेला काढायचं ठरलंय. इस्पितळात कोणी कोणाची मुलगी बदलली नाही. ही माझी सून आहे. आता ह्या दोघी लढतील, मधे कोणी यायचं नाही, आणि जी जिंकेल ती जिंकेल." लोकांना ही गोष्टच वाटली. इतकी वर्षे एवढ्या अचाट गोष्टी पाहिल्यावर मेलेली सासू खरे बोलली तरी ते वेगळे कसे दिसणार? ते "सासू! सासू!" असे ओरडू लागले. मालक पडद्याच्या फटीतून हातवारे करत होते. रिंगणात येऊन खेळ थांबवला असता तर लोकांना काय सांगायचे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता.

सून उठली. घोरपड २४ वर्षांची, ताकदीने सुनेपेक्षा दीडपट. ती सुनेला हळूच म्हणाली, "ताई, काय करायचं?" सून म्हणाली, "लढ. आणि मला सोडलंस तर बघ." मी अगदी जवळ बसलेली असल्याने हे मला ऐकू आले. त्यापुढची अकरा मिनिटे झालेली कुस्ती खरी होती. आधीच्या कशा होत्या ते मालकांना विचारावे.

खरी कुस्ती दिसायला काहीच नसते. कोणी दोरावरून उडी मारत नाही. दोघी मान मानेला लावून उभ्या राहतात आणि पाय सरकण्याचा आवाज येतो. पहिली तीन मिनिटे लोक कुरकुरले. मग गप्प झाले. चार हजार माणसे बसली आहेत आणि दोन बायकांचा श्वास ऐकू येतो, असे मी त्या खेळगृहात कधी पाहिले नव्हते. घोरपडीने एकदा सुनेला खाली घेतले व तिचा एक खांदा टेकवला. दुसरा टेकेना. सुनेच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. मी खुर्चीची कड धरून ठेवली होती, ओरडले नाही. सून हाताहाताने सरकत बाहेर आली, उभी राहिली, आणि त्याच दमात तिने धोबीपछाड मारली. घोरपड पाठीवर आली. दोन्ही खांदे जमिनीला.

पंचाने आडवे पडून तीन मोजले. मालक त्याला हाताने "नको, नको" करत होते. याबाबत पंचाला मी नंतर विचारले तेव्हा तो म्हणाला, "मी खांद्यांकडे बघत होतो, मावशी. पंचानं खांद्यांकडेच बघायचं असतं." त्यानेही अकरा वर्षे तोंड उघडलेले नाही.

त्यानंतर झालेला आवाज सांगता येत नाही. घोरपडीने स्वतः पट्टा आणून सुनेच्या कमरेला बांधला. तिला मी जिन्यात गाठून स्पष्ट विचारले की तू सोडलेस का. ती रडत होती व हसतही होती. म्हणाली, "नाही हो मावशी. सगळा जोर लावला. नाही टेकली ती. उद्या मला हाच डाव शिकवणार आहे म्हणाली."

मला सुनेचा अभिमान वाटला. हवालदारसाहेबांनी 'समाधान वाटले' असे लिहिले होते ते मी बदलून घेतले आहे.

पट्टा सुनेने घरी आणला व तो सध्या शिलाई मशीनवर ठेवलेला आहे. मालकांनी आज सकाळी तक्रार दिली की पट्टा चोरीस गेला, माझ्यामुळे त्यांची फसवणूक झाली व कालचा निकाल रद्द समजावा. त्यावर ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी माझ्यासमोर जाहिरातीचा कागद टेबलावर ठेवून मालकांना विचारले, "लढत खरी होती की आधी ठरलेली? खरी असेल तर पट्टा त्या बाईचा, चोरी कसली? ठरलेली असेल तर तसं तुमच्या अक्षरात लिहून द्या, मग चार हजार लोकांच्या तक्रारी मी घ्यायला बसतो." मालकांनी पेन घेतले. पेनाचे टोपण तीन वेळा काढले व तीन वेळा लावले. लेखक त्यांच्या शेजारी बसून जाहिरातीतली लाल अक्षरे परत परत वाचत होता.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मालकांनी तक्रार मागे घेत असल्याचे लिहून दिले. त्यात 'गैरसमजातून' असा शब्द आहे. पट्टा तोफ हिचाच असून पुढचे वर्षभर मुख्य लढत तिचीच राहील, हेही साहेबांनी त्यांच्याकडून लिहून घेतले. त्या कागदावर मालक सही करत असताना, माझ्यासोबत ठाण्यात आलेली सून बाकावरून उठून टेबलापाशी आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, गुडघ्याची पट्टी सैल बांधली होती तुम्ही." मी म्हटले, "घट्ट बांधली असती तर धोबीपछाड मारताना गुडघा वाकला असता का?" ती हसली. ती मला आई कधी म्हणत नाही.

माझे कोणाशी वैर नाही. मालकांना मी उद्यापासून कामावर येणार आहे असे सांगितले आहे, फक्त यापुढे जिवंत म्हणून.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी तो पुरता ऐकला असून माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. आणखी एक दुरुस्ती करवून घेतली. शेवटून दुसऱ्या पानावर त्यांनी 'पंचाने तीन मोजून सून जिंकल्याचे दाखवण्यात आले' असे लिहिले होते. ते शब्द खोडून शेजारी मी माझी सही केली आहे. तिथे आता एकच शब्द आहे, तो असा वाचावा: जिंकली.