शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं

मंडळी, सुप्यापासून नरसिंहपूरपर्यंतची माणसं आज इथे शोकसभेला आली आहेत. मला बोलायची सवय नाही, आणि आज तर ते अवघडच आहे. म्हणून आधी जे घडलं ते क्रमाने सांगते.

१. माझे चुलते, राजकीय कादंबऱ्या लिहिणारे तात्या, सोमवारी सकाळी इंदापूरच्या राहत्या घरी वारले.
२. त्याआधी त्यांनी चहा मागितला आणि साखर कमी पडली म्हणून काकूंशी वाद घातला.
३. वाद काकूंनी जिंकला.
४. शेवटची कादंबरी लिहून पूर्ण आहे. ती छापायला देता येत नाही.

चौथ्या मुद्द्यासाठी मी उभी आहे.

तात्यांचा नियम तुम्हाला माहीत आहे. छापायच्या आधी, ज्यांच्यावर लिहिलं, त्यांच्यासमोर वाचायचं. कारखान्याच्या निवडणुकीवर लिहिलं, तर दोन्ही पॅनेलना घरच्या ओट्यावर बोलवायचं. प्रत्येक प्रकरणाला. "पाठीमागं वाचली तर ती चुगली. तोंडावर वाचली तर कादंबरी," असं ते म्हणायचे.

लबाड चेअरमनचं प्रकरण आठवतं? एका पॅनेलचे आबा खूश झाले. "तात्या, बरुबर धरलं बगा त्याला!" दुसऱ्या पॅनेलचे बापूही खूश. त्यांनीही तेच म्हटलं. दोघं एकाच सतरंजीवर बसले होते. आबा, बापू, हसू नका. तुम्हीच होता.

एक संचालक मात्र रुसले. नाव सांगत नाही, ते पुढच्या रांगेत आहेत. "आख्ख्या कादंबरीत आमी दोनच पानं व्हय?" तात्या म्हणाले, "निवडून आलायसा, आता काय तरी करा की. पानं वाढवतो."

मी इंजिनिअर. माझं काम चुका काढायचं. एका प्रकरणात मंत्री बटन दाबतात आणि उपसा योजनेचा पंप सुरू होतो. मी म्हटलं, तात्या, एवढा पंप मंडपातून सुरू होत नाही. पंपघरात माणूस उभा असतो. त्याला फोन गेला की तो सुरू करतो. मंडपातलं बटन कशालाच जोडलेलं नसतं.

तात्या इतके हसले, की काकू पाणी घेऊन धावत आल्या. "पोरी, आन मी इतकी वर्सं बटनावरच लिहितोय!"

त्यांनी ते प्रकरण पुन्हा लिहिलं, पंपघरातल्या माणसाच्या बाजूनं. मग मंत्र्यांना झोडायचं? नाही. "त्यो बी बिचारा बटनच दाबतोय. त्याला कशाला झोडू?" ज्याच्याबद्दल जरासुद्धा माया वाटत नाही, त्याच्यावर तात्यांनी कधी लिहिलं नाही.

शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं. गेल्या निवडणुकीपासून दोन्ही पॅनेल एकत्र बसलेली नाहीत. आजही आबा डावीकडे, बापू उजवीकडे, आणि मधल्या खुर्च्या मोकळ्या. इथून स्पष्ट दिसतं. काकू म्हणतात, "त्यांनी नियम न्हाय मोडला, मी कशाला मोडू? ऱ्हाऊ दे कपाटात." काकूंना चालेल. मला चालणार नाही.

म्हणून पुढच्या रविवारी सकाळी, त्याच ओट्यावर, मी वाचणार आहे. कादंबरीतली निवडणूक कोण जिंकतं ते आधी सांगणार नाही. एकच पॅनेल आलं, तर वाचन होणार नाही.

आता उभे राहू या आणि गप्प राहू. थोडाच वेळ, तात्यांना फार वेळ गप्प बसलेली माणसं आवडायची नाहीत.

आबा, बापू, तुम्ही येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत काकूंना कळवा.