उडी पायानं मारायची का कानानं?

...अन् वर मलाच इचारता, शांतलिंगा, तुझी उडी कुठं अडली? बसा त्या पोत्यावर, गूळ काय पळून जात न्हाय. तुम्हाला सांगतो, पंचेचाळीस साली, निजामाच्या राज्यात, हा आपला येरमाळ्याचा ओढा माझ्यासारखा कुणी पार करत नव्हतं. अव्वा, म्हणजे माझी आई नागम्मा, तिचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलुखातलं. ती पलीकडच्या काठावर भाकरीचं गठुडं घेऊन उभी राहायची अन् एकच शब्द टाकायची, "हारु, तम्मा!" हारु म्हणजे कानडीत उडी मार, तम्मा म्हणजे बाळा. मी त्या भाकरीकडं बघायचो अन् पलीकडं असायचो. गुडघा कुठं गेला, कंबर कुठं गेली, मला काय ठाऊक? ज्याचं त्यानं बघून घेतलं असंल.

मग मला धाराशिवच्या शाळेत घातलं अन् तिथं भेटले ड्रिलमास्तर मुनवरसाब. माणूस सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू, पण तोंड थांबायचं न्हाय. मी लांब उडीला पळत निघालो की ह्यांचं सुरू, "घुटना छाती कू लगाव, कमर सीधी, गर्दन उप्पर, दम रोको, अरे दम छोडो!" आता पळता पळता मी घुटना हुडकू का दम? मास्तरच्या हाताखाली जायच्या आधी सोळा फूट मारत होतो. त्यांनी शिकवायला घेतल्यावर चौदा. मास्तर म्हणले, "बच्चा कच्चा है, और समझाना पडता." आणखी समजावलं, तेरा. मग कोपर कुठं ठेवायचं तेबी सांगितलं, बारा. अजून महिनाभर शिकलो असतो तर जिथनं निघालो त्याच्या मागं जाऊन पडलो असतो. मला एवढंच सांगा, उडी पायानं मारायची का कानानं?

बरं, ही काय खेळातली गंमत नव्हती. जिल्ह्याच्या सामन्यात पयला येईल त्याला हैदराबादच्या बोर्डिंगात घेणार होते, राहणं, खाणं, शिकणं, सगळं तिकडंच. अन् आमचे आण्णा, म्हणजे वडील, ईरण्णा किराणावाले, त्यांनी सांगून ठेवलेलं, "पयला आलास तर हैदराबाद, न्हाय तर दुकान. मला तागडीवर माणूस पायजे." म्हणजे बघा, एका वाळूच्या खड्ड्यात माझा सगळा जन्म पडलेला.

सामन्याच्या दिवशी अव्वा बैलगाडीनं आली, भाकरी घेऊन. तीन उड्या मिळणार होत्या. पयली मास्तरच्या हुकमानं मारली. घुटना आठवला तर कंबर इसरलो, कंबर सरळ केली तर उडी मारायचीच इसरलो, अन् पळत पळत वाळूत चालत गेलो. लोक हसले. हसणारच की.

दुसऱ्या वेळंला अव्वा खड्ड्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली, गठुडं वर केलं अन् हाक दिली, "हारु, तम्मा, हारु!" आपल्या येरमाळ्याच्या येडाईदेवीची आण सांगतो, वाळू संपली तिथं जाऊन पडलो मी. पण बघितलं कुणी? कुणीच न्हाय! का? तर मुनवरसाबांच्या कानात 'हारु' गेलंच न्हाय, गेलं 'हारो'. धावले अव्वाकडं, "अम्मा, अपनेच बच्चे कू हार जाव बोल रए?" अव्वाला उर्दूचं अक्षर येत न्हाय, तिला वाटलं मास्तर पोराचं कौतुक करतेत, तिनं मान डोलवून आणखी मोठ्यानं, "व्हय व्हय, हारु, हारु!" झालं, पंच, टेपवाला, सगळे तिकडं वळले. म्हणलं, निदान वाळूतली खूण तरी बघा, तर तवर भांडण सोडवणारी दहा माणसं तिच्यावरनं चालून गेलती. पंच म्हणले, "हमने देखा नहीं." मला सांगा, उडी पायानं मारायची का... जाऊ द्या.

तेवढ्यात कल्याणप्पा पुढं आले, पेठेतले व्यापारी, त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी मास्तरला समजावलं की हारु म्हणजे कूदो. मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. "या अल्ला, हम गलत समझे." त्यांनी अव्वाला अदबीनं नेऊन झाडाखाली बसवलं, "अम्मा, आप आराम करो, अब हम बोलते." अन् तिसऱ्या उडीला मी निघालो तसं अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात माझा मास्तर मला जीव तोडून ओरडतोय, "हारो बेटा, हारो! दिल लगाके हारो! और घुटना!"

कसाबसा बारा फुटांवर पडलो, अन् तिथंच वाळूत बसून रडलो हो मी. अव्वानं भाकरी दिली, तीबी परत गठुड्यात बांधून टाकली. भूमचा गफार पंधरा फुटांत हैदराबादला गेला. त्याच्या शाळंला ड्रिलमास्तरच नव्हता.

आता मास्तरला तरी काय बोल लावू? शाळेत एवढी वर्षं काढली, त्यांनी सांगितलेलं एक काम मला कधी धड जमलं न्हाय. त्या दिवशी तेवढं बिनचूक जमलं. बोला, गूळ किती जोखू?