आईने ओळखलेला कवड्या

विज्ञानाचा मास्तर मी, पण ज्ञान कोणाकडे होतं ते ऐका. नव्वद सालच्या आसपास पनवेलच्या आमच्या घरात, मोरीत पट्ट्यापट्ट्यांचा साप निघाला. "मण्यार!" म्हणून मीच ओरडलो, तसा शेजाऱ्याने काठी उगारली. भातशेतीत जन्म काढलेली माझी आई मध्ये पडली.

"मारू नको रं! मण्यारीचं पट्टं शेपटीकडं ठळक. याचं मानेकडं ठळक हायेत. कवड्या हाय यो, विषारी नाय. पाली खातो बिचारा."

केरसुणीने डालड्याच्या डब्यात लोटून तिने तो शेतात सोडला.

सोमवारी नववीला सापांचा धडा होता. शाळेची पायरी न चढलेली माझी आई फळ्यापाशी उभी राहून शिकवत होती, आणि मी शेवटच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होतो.