सासूबाईंचं गाणं आणि साउंडची डबी

…नाही, पण मला एक सांगा, माणूस खोलीतून गेलाय की नाही हे कळायला काय लागतं? दारातून डोकवायचं, कोणी नाही ना, दिवा मालवायचा, कुलूप लावायचं. शेवटी जाईल त्याने दिवा मालवायचा, एवढाच नियम आहे हो! तुम्हाला सांगतो, डोक्यावर केस होते तेव्हापासून माझं अख्खं आयुष्य या एका नियमापायी चाललंय, कारण कॉम्प्युटरच्या पोटात तो कोणी पाळतच नाही.

मी कर्नेलवर काम करतो. लगेच चेहरे पाडू नका. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी तळाशी जो कारभार चालतो ना, मेमरी कोणाला द्यायची, कोणाकडून परत घ्यायची, तो. हॉल भाड्याने देणाऱ्या मॅनेजरसारखा. एकाचं काम संपलं की हॉल परत घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा. आणि मी काय शोधतो, तर आत माणूस असताना हॉल परत कुठे घेतला जातो ते. म्हणजे हॉल दिलाय दुसऱ्याच्या लग्नाला, आणि आपला एक पाहुणा अजून आतच, भलत्याचा केक कापतोय. मग नवरीकडचे खवळतात आणि मशीन बंद पडतं. हे असलं काम सांगितल्यावर आमच्या रेसिफे शहरात कोण मुलगी देणार? तरी मला जुसारा मिळाली, आणि जुसाराबरोबर तिची आई मिळाली.

दोना इरासी. आमच्या सासूबाई. शेजारच्या ओलिंदा गावात त्यांच्या गल्लीचा कार्निव्हलचा मेळा निघतो, त्या मेळ्यापुढे त्या गातात. वय विचारायचं नाही. आवाज मात्र… सुंदर आहे हो, भांडणातसुद्धा मी ते नाकारत नाही. पण आता चढावर दम लागतो, म्हणून माइक आला, माइकसाठी ढकलगाडी आली, गाडीवर छोटा कॉम्प्युटर आला, त्याला वायरने जोडलेली, आवाज स्पीकरला पोचवणारी साउंडची डबी आली, आणि कॉम्प्युटर आला म्हणजे जावई आलाच.

मागच्या वर्षी काय झालं? जेनिवाल झाला. जेनिवाल म्हणजे जुसाराचा मामेभाऊ, गाडी ढकलणारा. मिझेरिकॉर्दिया रस्त्याचा तो उभा चढ, सासूबाई वरच्या पट्टीत पोचलेल्या, गर्दी डोलतेय, आणि या पठ्ठ्याच्या फोनची बॅटरी संपली. त्याने काय करावं? साउंडच्या डबीची वायर कॉम्प्युटरमधून उपसली आणि तिथे आपला फोन लावला. "अरे दादा, जरासाच चार्ज करतो, लगेच परत लावतो ना!" लावली, खोटं कशाला बोलू? पण तोवर कर्नेलने, डबी गेली म्हणून, तिची मेमरी दुसऱ्याला देऊन टाकलेली, आणि गाणं वाजवणारा भाग आतच, ओततोय आपला आवाज भलत्याच्या हॉलमध्ये… ठप्प. सासूबाईंचं तोंड हलतंय, आवाज नाही. तेवढ्यात खालून दुसरा मेळा आला पितळी बाजा वाजवत, आणि आमची गर्दी निघाली त्याच्यामागे. सगळी. जेनिवालसुद्धा. सासूबाई डोक्यावर फुलांचा मुकुट घालून चढावर तशाच उभ्या. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी. घरी येईपर्यंत त्या एकच वाक्य बोलल्या, "जुसारा, याला पगार कशाचा मिळतो गं?"

म्हटलं, या वर्षी हे होऊ द्यायचं नाही. त्यांचा दम बघता आता किती कार्निव्हल उरलेत कोणाला माहीत, त्यांचं गाणं माझ्या धंद्यातल्या चुकीने तुटायचं नाही. शेवटी जाईल त्याने दिवा मालवायचा, लावतोच नियम. दारावर मोजणारा बसवला. कोणी आत आलं की आकडा वाढव, कोणी गेलं की कमी कर, शून्य झालं की दिवा मालव. वायर उपसून बघितली, मशीन चालू! पाठवलं लगेच डेटलेफला. डेटलेफ जर्मनीत असतो, कर्नेलमधला साउंडचा सगळा भाग तो सांभाळतो, त्याने हो म्हटल्याशिवाय एक ओळ आत जात नाही. सगळं ईमेलवर, जगाच्या देखत. त्याचं उत्तर आलं, "नमस्कार. तुम्ही येणारे मोजता, जाणारे मोजत नाही. हॉल कधीच रिकामा होणार नाही. आभारी आहे." त्या 'आभारी आहे'ने कानशिलं तापतात हो. पण बरोबर होतं त्याचं, कमी करायची ओळ मी लिहायलाच विसरलो होतो. वायर काढत-घालत राहिलो तर हॉलमागून हॉल अडकत गेले आणि मशीन गुदमरून मेलं. आधी झटक्यात मरायचं, आता झिजून मरायला लागलं. प्रगतीच म्हणायची.

मग जाणारे मोजले. डेटलेफ म्हणाला, "आतला 'निघतो' म्हणाला की एक कमी करा. निघतो म्हणाला म्हणजे गेला." आणि मी ऐकलं त्याचं! मी, रेसिफेचा माणूस! आमच्याकडे पाहुणा 'निघतो' म्हणाला की खरी कॉफी टाकतात. मग तो दारात उभा राहून मेहुण्याचं ऑपरेशन सांगतो, फाटकात शेजारणीचा घटस्फोट सांगतो, आणि छत्री विसरली म्हणून परत आत येऊन बसतो. गाणं वाजवणारा भाग तसलाच. 'निघतो' म्हणाला आणि उरलेले सूर संपवत दारातच उभा, आम्ही इकडे दिवा मालवला… धडाम. मी डेटलेफला लिहिलं, "बाबा रे, आमच्याकडे 'निघतो' म्हटल्यावर गप्पा सुरू होतात." तो म्हणाला, "मग गेल्यावर मोजा. आभारी आहे."

गेल्यावर मोजायला गेलो तर आणखी निराळंच. डबीवाला भाग म्हणतो, गाणं आधी जाऊ दे. गाणं म्हणतं, छे छे, आधी तुम्ही. दोघं दारात अडकले, मशीन गोठलं. नेमकं कुठे अडतंय ते बघायला मध्ये 'इथवर पोचलो' अशी एक ओळ स्क्रीनवर छापायला लावली, तर बग, म्हणजे ती चूकच, गायब! ओळ काढली की हजर. मी बघतोय तोवर पाहुण्यांसमोरच्या कार्ट्यासारखा गुणी. शेवटी जाईल त्याने दिवा मालवायचा, यात न कळण्यासारखं काय आहे?

तेवढ्यात कार्निव्हल उजाडला. सासूबाई मुकुट घालून समोर. "झालं का रे?"

म्हटलं, "आई, त्याचं असं आहे, तत्त्वतः…"

"तत्त्व राहू दे. गाणं बंद पडेल का?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "वायर निघाली तर पडेल."

"मग निघू देऊ नकोस."

धरली. काय करता? एवढा शिकलो, अख्खी ओलिंदा गाडीला चिकटून चाललो, अंगठा त्या वायरवर दाबून. जेनिवाल जवळ आला, "दादा, जरा फोन…" मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. आणि त्या चढावर सासूबाईंनी असा सूर लावला, असा धरून ठेवला, की शेजारून दुसरा मेळा गेला तरी आमच्यातलं माणूस हललं नाही. मला रडू आलं. नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

कार्निव्हल संपला आणि मग, अर्थात, बग सुटला. नीट सुटला: आधी कोणी जायचं हे ठरवायचंच नाही, दोघांपैकी जो खरोखर शेवटी बाहेर पडेल त्यानेच दिवा मालवायचा. डेटलेफने लिहिलं, "बरोबर आहे. घेतलं." मी धावत सासूबाईंकडे. त्यांच्या देखत गाणं लावलं, वायर उपसली, परत लावली, गाणं परत सुरू. म्हटलं, "बघा, आता कोणीही उपसू दे." त्यांनी सगळं नीट पाहिलं, माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाल्या, "छान केलंस हो बाळा." आणि आत तोंड करून, "जुसारा, याला पुढच्या वर्षी चांगलासा पोशाख शिवू या गं. वायर धरणारा असा घरच्या कपड्यात बरा दिसत नाही."

माझी दुरुस्ती आता जगभर गेली. कुठेही, कोणीही वायर उपसा, काही होत नाही. मी परवाच शिंप्याकडे माप देऊन आलो.