चौथी मागणी

रोरीच्या मासळीच्या गाडीपुढे रांग होती. माझ्यापुढे एफी आणि नेटा.

"अर्लसाहेबांनी स्वयंपाकीण इसोबेलला मागणी घातली म्हणे!"

"सत्तराव्या वर्षी?"

"हळू बोल! रोरी त्या दोघांचाच ना? आपल्याकडे आईबापांनी मागाहून लग्न केलं, तरी पोरगा कायदेशीर होतो. म्हणजे अर्लपद रोरीला. नाहीतर लंडनच्या पुतण्याला."

"मग झालं की लग्न!"

"कसलं! तीनदा नाही म्हणाली."

"वेडी आहे का ती?"

"म्हणते, चाळीस वर्षांपूर्वी किताबापायी मला नाकारलंत, आता किताबासाठीच मी हवी होय?"

"आणि रोरी?"

रोरीनं हॅडकचं पुडकं नेटाच्या हातात ठेवलं.

"रोरी आजच किल्ल्यावर जाऊन अर्लसाहेबांना सांगून आलाय. चौथ्यांदा विचाराल, तेव्हा माझं नाव काढू नका."