लाल बटण

रत्नागिरी स्टँडवर संगमेश्वरच्या गाडीची वाट बघत बसलेल्या काशीरामभाऊंच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडत होतं.

"अगो वैष्णवी, हे बटणांचं खोकं मी स्वतः बनवलंय. कॉम्प्युटरला जोडायचं आणि एक बटण दाबलं की अख्खं वाक्य टाईप होतं."

"आणि हे लाल?"

"'चुकलं माझं, माफ कर.'"

"स्वरूप, परवा भांडल्यावर मला मेसेजमध्ये हेच आलं होतं. तेसुद्धा दोनदा!"

"पहिलाच प्रयत्न ना! बटणाच्या तारेला सोल्डरचा डाग नीट बसला नाय. एकदा दाबलं तरी दोनदा उमटतं."

"मला वाटलं, मनापासून मागतोयस. त्यावरच आईकडे आपल्या लग्नाला हो म्हटलं मी."

"आज घरी गेलो की दुरुस्त करतो."

"हात लावू नकोस. लग्नानंतर एकदा पुरायचं नाय."